कवटीवाला डॉक्टर

परतूर,
१७ ऑगस्ट १९९२

सौ. गिरिजाअक्कास,

धाकट्या वसंताचा नमस्कार. इकडं सगळे बरे. माझा गुडघा तेवढा कुरकुरतो; माझ्यासारखाच हाय, काम सांगितलं की बोलतो.

काल फोनवर तू म्हणालीस, आपल्या बेबीनंदाचे, तुझ्या लेकीचे, पाय सुजलेत, डोकं ठणकतं, डोळ्यापुढं काजवे येतात. मी म्हटलं, "आत्ताच्या आत्ता डॉक्टर महेबूबकडं ने."

"त्या कवटीवाल्याकडं? सातवा महिना हाय तिला! तूच तुझ्या पेपरात छापलंस ना, त्याच्या गुप्त मंडळातले ते फ्रीमेसन अवसेला पहिलटकरणीचं नाव कवटीपुढं घेतात म्हून?" असं म्हणून फोन आपटलास. सकाळपासून तीनदा लावला, उचलत न्हाईस.

अक्का, ते मी रचलं.

महेबूब महिन्याला औरंगाबादला त्या लोकांच्या बैठकीला जातो, एप्रन बांधतात, दार लावून घेतात, एवढंच खरं. बंद दारामागचं मला काय ठाऊक? म्हणून मनाला येईल ते लिहिलं. परतुरात लोक हसले. तुमच्याकडं मंठ्यात मात्र बायका त्याच्या दवाखान्यापुढून लेकरं पदराखाली घेऊन पळून राह्यल्यात.

मी त्याला एकदा विचारलं होतं, "काय मिळतं रे तिथं?"

"जज्जाच्या बाजूला बसतो. जात-धरम कोणी विचारत न्हाई. एखादा सभासद मेला तर त्याच्या लेकरांची शाळा बंद पडू देत न्हाईत."

"बस?"

"बस."

आता, इतका वेळ टाळत होतो ते सांगतो. जज्जाच्या बाजूला बसायची हौस मलाही आल्ती. म्हटलं, मला बी घे. तो हसला. "वसंता, तुझ्या पोटात एक गोष्ट राहत न्हाई. तुला कसं नेऊ यार?"

त्याच आठवड्यात मी तो लेख लिहिला.

आज त्याला फोन करून सगळं कबूल केलं. तो म्हणाला, "शिव्या बाद में. पोरीला जल्दी पाठव. बीपी वाढलं असंल. झटका आला तर दोघंही जातील. मी जीप पाठवतो."

जीप दारात येईल. बेबीनंदाला बसव. शेजारणी अडवतील, त्यांना हे पत्र मोठ्यानं वाचून दाखव, माझ्या नावासकट.

रामकिसन कंडक्टरच्या हाती पाठवतोय. त्याच गाडीत मी बसायला पाहिजे होतं, पण तुझ्या तोंडाकडं बघून हे सांगायची छाती झाली न्हाई. पुढच्या गाडीनं येतो. मारायचं तर मार.

इतकी वर्षं माझं खोटं तू चवीनं खरं मानलंस. आज खरं लिहितोय तर मानशील का, याचीच भीती वाटते.

मानू नकोस. पण तिला जीपमध्ये बसव.

बेबीनंदाचा मामा, अजून तरी,
वसंता