फडक्याची दिशा

५ मार्च

चि. बारकीस अनेक आशीर्वाद.

परवा सकाळी देवाचं नाव घेऊन प्रयोगशाळा उघडली, तू परगावाहून परतलीस की लागतील म्हणून सहा स्फटिक पात्याने फोडले आणि फडक्याने पुसले. पुसता पुसता हात थांबला. गावच्या शाळेत गुरुजींनी पाटी एकाच दिशेने पुसायला शिकवली होती. पुढे-मागे केलं की छडी. तीच खोड राहिली. वर्षभर तुझा प्रत्येक स्फटिक मी लांब बाजूने, उभाच पुसलाय.

तू सांगतेस, स्फटिकावर अणूंच्या उभ्या ओळी असतात, नांगराच्या तासांसारख्या. वीज वाहणाऱ्या पॉलिमरचे रेणू त्या तासांत बसतात, म्हणून थरातून वीज उभी धावते. पण ते स्फटिकाचं ऐकतात की माझ्या फडक्याचं? तुझा नि तुझ्या सरांचा निबंध सोमवारी छापायला जाणार, त्यावर तुझी नेमणूक ठरणार. काय करू ते कळव.

काकू आठवण काढते. जेवत जा.

तुझा काका

७ मार्च

ती. काकांस शि. सा. न.

पत्र मिळालं. स्फटिकांना हात लावू नका म्हणून मी हजारदा बजावलं होतं. तुम्ही म्हणालात, हात कुठे, फडकं लावतो! तेव्हा मी हसले. ते आता अंगाशी आलंय.

काका, तूर्त कुणाजवळ बोलू नका. झाकली मूठ सव्वा लाखाची. नेमणूक होऊ दे, मग मीच तपासेन. तुमच्याही नोकरीचा प्रश्न आहे. एवढं ऐका.

काकूंना नमस्कार. माया होती तशीच असू द्या.

तुमची बारकी

९ मार्च

चि. बारकीस आशीर्वाद.

तुझं पत्र काल सकाळी मिळालं. दोनदा वाचलं, पण मन मानेना. दोन स्फटिक घेतले. एक पुसलाच नाही. दुसरा आडवा पुसला, ओळींना काटकोनात. तुझ्याच कृतीने थर चढवले आणि आज मोजले. पहिल्यावर वीज सगळीकडे सारखीच, म्हणजे रेणू कसेही पडलेले. दुसऱ्यावर वीज आडवी धावली, फडकं गेलं तशी.

तुझ्यावर राग नाही. भीती मलाही वाटते. पण सोमवारनंतर परकी माणसं तुझ्या शब्दावर विसंबून स्वतःची वर्षं घालवतील. त्यांना आपण काय सांगणार?

राग येईल तेवढा येऊ दे, पत्रं मात्र थांबवू नकोस. दुपारी सरांना सगळं सांगितलं. फडकं माझं हे सांगितलं, आणि तू आधी बजावलंस नि मग हसलीस हेही. माझ्यादेखतच त्यांनी निबंध मागे घेतला.

तुझा काका