आईच्या टाचा आणि नवी वजरी

मंगळवार, संध्याकाळ

आज पौडच्या बाजारातून टाचा घासायची नवी वजरी आणली. कशाला आणली? सवय, दुसरं काय. जुनी आईने घासून घासून गुळगुळीत केली होती.

आईचे पाय कोमट पाण्यात भिजवले. अंथरुणाला खिळल्यापासून तिची कातडी फार पातळ झालीय. घासायचं नाही, ओल्या मऊ फडक्याने हलकेच पुसून लगेच खोबरेल लावायचं, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय. तसंच करत होते, तर आई म्हणाली, "वजरीनं घास की. लावणीचा चिखल भेगांत बसलाय."

चिखल कुठला? वर्ष झालं, तिने जमिनीला पाय टेकवला नाही.

तिचं मन राखायला वजरी हातात घेतली आणि टाच बघितली. एकही भेग नाही. लग्नाकार्यात साडीखाली पाय लपवून बसायची ती. आता टाचा बाळासारख्या मऊ झाल्यात. बघवेना.

वजरी नुसतीच पाण्यात बुडवली.

"निघाला का गं?"

"निघाला," म्हटलं.

"मग उद्या लवकर उठीव मला. वरचं खाचर ऱ्हायलंय."

नवी वजरी खरखरीतच आहे. तशीच राहील.