मष्णूचा आजार मला का नाही?

३ जानेवारी १९८४
नव्या वर्षाचा संकल्प: ऑफिसात मष्णूकडे बघायचं नाही. आपलं टेबल, आपलं काम.
संध्याकाळी: मष्णूला आजार आहे म्हणे! बेळगाव कॅम्पातल्या डॉक्टरांनी लिहून दिलंय. अटेन्शन डेफिसिट. लक्ष एका जागी टिकत नाही, लहानपणापासूनचं आहे, त्याचा दोष नाही. डॉक्टर लंडनला शिकलेले. साहेबांनी मष्णूला खिडकीजवळचं टेबल दिलं आणि चुकाही माफ. एका गावचे आम्ही, एका बाकावर शिकलो. त्याला लंडनचा आजार, मला मेमो.

५ जानेवारी
शांतपणे विचार केला. टपाल हरवतो मी. खानापूरचं पत्र निपाणीला धाडलं मी. रजिस्टर उघडं टाकून चहाला जातो मी. मग आजार कुणाचा? डॉक्टर चुकले. मष्णू नुसता वेंधळा आहे. आज तो चारदा उठला, दोनदा जांभई दिली, एकदा शिरा खाल्ला. शिरा रवळू शिपायानं आणून दिला. मला कुणी पाणी विचारत नाही.

११ जानेवारी
दुसरा मेमो. साहेब म्हणाले, आणखी एक चूक झाली की नंदगडला बदली. घर बेळगावात, पोरीचं कॉलेज बेळगावात. मी म्हणालो, साहेब, मष्णूचा आहे तोच आजार मलाही आहे. ते म्हणाले, डॉक्टरांकडून लिहून आणा. आणणारच.

१६ जानेवारी
कॅम्पात गेलो. अपॉइंटमेंट उद्याची होती.

१७ जानेवारी
जायचं विसरलो. केस भक्कम होत चालली आहे.

१९ जानेवारी
डॉक्टरांनी दीड तास प्रश्न विचारले. म्हणाले, लक्षणं दिसतात, पण लहानपणापासून ओळखणारं माणूस आणा, त्याशिवाय लिहिणार नाही. मष्णूनं आईला नेलं होतं. मी आक्काला नेतो. तिनंच मला वाढवलं. तरी धाकधूक वाटते. चुकून निरोगी ठरवलं तर? जेवण गेलं नाही. मष्णूनं मात्र दोन भाकरी, भरलं वांगं आणि वर केळं खाल्लं.

२४ जानेवारी
आक्का गावाहून आली. जरीची साडी, डोक्याला तेल. बसमध्ये तीनदा बजावलं, खरं तेच सांग.
डॉक्टरांनी विचारलं, हे लहानपणी विसरायचे का? आक्का म्हणाली, ह्यो? एकदा सांगितलं की ध्यानात! एका जागी बसायचे? बसला की उठायचा न्हाय. मी टेबलाखालून पायानं खुणावलं. तिनं पाय मागं घेतला.
डॉक्टर म्हणाले, एखादं उदाहरण? आक्का खुलली. आमच्या जयाबाईच्या लग्नात पंगतीला मष्णू ह्याच्या म्होरं बसलेला. मष्णूला बुंदी किती येळा वाढली, ते ह्यानं घरला येऊन सांगितलं. सात येळा! लई बारीक ध्यान ह्याचं.
डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.
बाहेर येऊन मी ओरडलो. ती म्हणाली, अरं, घरात पोरगी लग्नाची हाय. परकं माणूस घरच्यांची चौकशी कराय लागलं की चांगलंच सांगायचं असतंय. त्यो डॉक्टर कुणाचा पावणा असंल, तुला काय ठावं?
शिवाय बुंदी नऊ वेळा वाढली होती. सात नाही.

३० जानेवारी
रिपोर्ट आला. पेशंटचं लक्ष उत्तम टिकतं, ते कामाकडे नसतं, एवढंच. साहेबांनी मोठ्यानं वाचला. मष्णूनं माझ्या पाठीवर हात ठेवला. मला इतका राग आला की शनिवारी टपालात काय गेलं तेही आठवेना. टपाल गेलंच नव्हतं. म्हणजे आणखी एक चूक झाली. नंदगडची ऑर्डर दुपारी निघाली. माझं टेबल मष्णूकडे.

४ फेब्रुवारी
माझा निरोप समारंभ. मष्णू बोलायला उठला आणि रडू लागला. डावा डोळाच ओला होता, मी नीट पाहिलं. साहेबांनी त्याला रुमाल दिला, रवळूनं पाणी. जो तो त्याची समजूत काढायला पुढे झाला आणि त्या गडबडीत हार त्याच्याच गळ्यात पडला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.