डाव्या पायाचे तीस

४ जून, बुधवार
हॉस्पिटलातून घरी. मणक्याचं ऑपरेशन उत्तम झालं असं सगळेच म्हणतात. डावा पाय तेवढा माझं ऐकत नाही. फिजिओ मिस सिकाझ्वेने रकाने आखलेला कागद दिलाय. टाच गादीवरून घासत गुडघा दुमडायचा, सोडायचा. वीसदा, दिवसातून तीनदा. वीस! बावीस वर्षं न्डोला शहराच्या मैदानांवर फुटबॉलचा रेफ्री होतो मी. तीस करणार. सुरुवात सोमवारपासून. आठवड्याच्या मध्यात काही सुरू करू नये.

९ जून, सकाळी ७
भयंकर थंडी, इथे जून म्हणजे ऐन हिवाळा. चार केले. पाचव्याला पाय थरथरला. विश्रांती हाही उपचारच. कागदावर तिन्ही रकान्यांत ३० लिहिलं, कागद कोरा दिसायला नको. उरलेले उद्या भरून काढीन.

११ जून
उद्याचे परवावर गेले. बायकोने, मुबांगाने, स्वयंपाकघरातून विचारलं, झाले का? मी पलंग जरा करकरवला. ती म्हणाली, “शाब्बास!” मग एन्शिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि तळलेली सुकी मासळी घेऊन आली. मासळीतला मोठा वाटा माझ्या ताटात.  सगळं संपवलं, तिला वाईट वाटू नये म्हणून.

१५ जून, रविवार
मुबांगाने चर्चमध्ये माझा कागद दाखवला. बायकांनी उभं राहून माझ्या पायासाठी देवाचे आभार मानले म्हणे. ब्लँकेट डोक्यावरून ओढून घेतलं. उद्यापासून नक्की.

१९ जून
फिजिओकडे. तिने मांडी दाबून पाहिली. म्हणाली, अजून बारीकच आहे. मी सांगितलं, आमच्या घराण्यात मांड्या बारीकच. ती म्हणाली, “आणि उजवी कुठल्या घराण्यातली, बा-कापाम्ब्वे?” मी खोकलो. तरी तिने कागदाचा फोटो काढला. न्कोलेची आई म्हणून एक पेशंट आहे, बाजारात टोमॅटो विकते. तेच ऑपरेशन, पण रडते, व्यायामाला हात लावत नाही. तिला हा फोटो दाखवायला हवा, असं फिजिओ म्हणाली. तिथेच खरं सांगणार होतो. पण बाहेर रांग केवढी होती!

२३ जून
आज मुबांगाला सांगायचं ठरवलं. ती माझ्या पायात मोजे चढवत होती, जमिनीवर बसून. अशा वेळी कसं सांगणार? आठ केले. लिहिले ३०.

२ जुलै, दुपार
न्कोलेची आई आली. फिजिओकडून पत्ता घेऊन, बसथांब्यापासून काठी टेकत, चालत. टोमॅटो घेऊन. म्हणाली, “तुमच्या कागदाचा फोटो माझ्या पलंगासमोर लावला होता, दादा. म्हटलं, हा म्हातारा तीस करतो, मग मी का नाही? रडत रडत केले. पण विसाव्यानंतर पाय थरथरतो. तुम्ही कसे करता, एकदा दाखवा ना.” मुबांगाने कौतुकाने ब्लँकेट दूर केलं. मी म्हटलं, जेवण जड झालंय. मुबांगा म्हणाली, “जेवलात कुठे अजून?”
केले. सातव्याला टाच अडकली ती अडकलीच.
 न्कोलेच्या आईने माझ्या दोन्ही मांड्या पाहिल्या, मग माझ्या भिंतीवर लावलेला, तिसांनी भरलेला कागद पाहिला. वाटलं, आता काठीच घालते. ती पलंगावर टेकली, माझ्या टाचेखाली हात धरला आणि म्हणाली, “चला. आठ.” अकरापर्यंत नेलं. मुबांगा स्वयंपाकघरात गेली, ती पाहुणी जाईपर्यंत बाहेर आली नाही.

४ जुलै
मुबांगा बोलत नाही. मोजे घातले, पण नजर वर केली नाही. तिला म्हटलं, चर्चमध्ये काय सांगशील? “मी काय सांगणार? मला जे खरं वाटलं ते सांगितलं होतं.” एवढंच. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं.

७ जुलै
फिजिओला सगळं सांगून टाकलं. चार आठवडे वाया, ती म्हणाली. पाय पूर्वीसारखा होईल का, हे आता सांगता येत नाही. नवा कागद दिला. मी हात पुढे केला, पण तिने तो मुबांगाला दिला. मोजणार ती, लिहिणार ती. पेनसुद्धा तिच्या कमरेला गुंडाळलेल्या चितेंगेच्या गाठीत. ही नोंद करायला ते मागून घेतलंय. ती दारात हात पुढे करून उभी आहे.