कॉलम नंबर सातच्या जागेबाबत

प्रति,
मा. नगररचना अधिकारी,
बांधकाम परवानगी विभाग,
नगरपालिका कार्यालय.

विषय : प्रार्थनागृहाच्या वाढीव बांधकामाच्या मंजूर नकाशातील ‘रिकामी जागा’ ही नोंद खोटी असल्याबाबत, आणि त्या जागेतील विनापरवाना दफनाबद्दल अर्जदारावर कारवाई होण्याबाबत.

संदर्भ : १) मंजूर नकाशा, पत्रक दोन.
२) अर्जदाराचे यापूर्वीचे तीन अर्ज.
३) आपल्या कार्यालयाची कारणे दाखवा नोटीस. मुदत सात दिवस, पैकी आज पाचवा.

महोदय,

१. सादर करण्यात येते की, अर्जदार ही एका आर्किटेक्टच्या ऑफिसात सहा वर्षे नकाशे काढण्याचे काम करीत आहे. आपण मंजूर केलेला प्रार्थनागृहाचा नकाशा अर्जदारानेच काढला आहे. नकाशाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात ‘आरेखन’ या रकान्यात दोन बारीक अक्षरे आहेत, ती अर्जदाराची. ती सहसा कोणी वाचत नाही. या खेपेस वाचावीत.

२. प्रार्थनागृह वाढवण्यास अर्जदाराची हरकत नाही, हे आधीच स्पष्ट करते. जागा खरोखरच अपुरी आहे. लोक पायऱ्यांवर उभे राहतात, आणि तान्ही मुले घेतलेल्या बायका तर पायऱ्यांच्याही खाली, कारण आत मूल रडले की सगळ्या माना एकदम मागे वळतात. म्हणून वरच्या मजल्यावर लेकुरवाळ्या बायकांसाठी दहा बाय बाराची खोली काढली आहे. तिला सभागृहाच्या बाजूने काचेची खिडकी आहे. ही खोली अर्जदाराने सुचवली होती. त्या वेळी अर्जदारास सातवा महिना होता. आर्किटेक्ट साहेब हसून म्हणाले, “स्वतःची सोय करून घेतेस होय गं?” अर्जदाराने “हो” म्हटले होते. त्या खोलीचा मागचा कोपरा कॉलम नंबर सातवर उभा राहणार आहे.

३. आता चुकीबाबत. जागेची मापे घेण्यास अर्जदार स्वतः गेली होती. टेपचे एक टोक प्रार्थनागृहाच्या राखणदार आजोबांनी धरले होते. मागच्या भिंतीलगतच्या पट्टीत टेप सरळ नेत असता ते म्हणाले, “लेकी, तिथनं नको. जरा कडेनं जा.” का, असे विचारता त्यांनी सांगितले की, नाव ठेवण्याआधीच गेलेली तान्ही मुले लोक वर्षानुवर्षे त्यांच्याकडे आणून देतात. दफनभूमीच्या खिडकीवर नावाशिवाय नोंद होत नाही, म्हणून. ती मुले या पट्टीत एका ओळीत आहेत. दगड नाही, पाटी नाही. त्या वेळी दहा होती. आजोबांना ती नळापासूनच्या पावलांवर पाठ होती. अर्जदार कडेने गेली. टेप वाकला आणि माप एकेचाळीस फूट सहा इंच आले. वहीत तेच लिहिले.

ऑफिसात आल्यावर जुन्या मोजणीच्या नकाशावर तीच लांबी एकेचाळीस फूट दोन इंच निघाली. साहेबांनी विचारले, “हे चार इंच कुठून आणलेस?” अर्जदाराने कारण सांगितले. साहेब वाईट माणूस नाहीत. ते म्हणाले, “जोत्याच्या वर काही दिसतंय का? नाही ना? मग आपल्या कागदावर ते नाही. दाखवलंस तर फाईल आरोग्य खात्याला जाईल आणि वर्षभर तिथेच बसेल.” हीच आमच्या धंद्याची रीत आहे. मोजणीत नाही आणि जमिनीच्या वर नाही, ते आम्ही काढत नाही. अर्जदाराने चार इंच खोडले आणि त्या पट्टीत वळणदार अक्षरात ‘रिकामी जागा’ असे लिहिले. अक्षर चांगले आले म्हणून त्या दिवशी बरेही वाटले होते. हे लपवण्यात अर्थ नाही.

४. नकाशा आपल्या कार्यालयात दाखल झाल्यावर दोन महिन्यांनी अर्जदारास मुलगा झाला. तो चार दिवस होता. चौथ्या दिवशी दवाखान्याने दाखला दिला, त्यात नावाच्या रकान्यात आडवी रेघ आहे. अर्जदाराचे पती त्याला टॉवेलात गुंडाळून आधी दफनभूमीच्या खिडकीवर गेले आणि तिथून प्रार्थनागृहाच्या मागे. राखणदार आजोबांनी ओळीच्या शेवटी जागा केली. नळापासून आठ पावले, मग भिंतीकडे दोन. अर्जदार दवाखान्यातून सुटल्यावर तिथे गेली तेव्हा ते म्हणाले, “काळजी करू नकोस. इथं सोबत आहे त्याला.” अंगावरचे दूध त्यानंतर अकरा दिवस येत होते. ही बाब विषयाशी संबंधित नसल्यास वगळावी.

५. नकाशा मंजूर होण्यास दीड वर्ष लागले. काम सुरू झाल्यावर फलकावर लावलेला नकाशा अर्जदाराने उभे राहून पाहिला. स्वतः काढलेला असूनही त्या दिवशीच प्रथम पाहिल्यासारखे झाले. कॉलम सातचा पाया पाच फूट लांब, पाच फूट रुंद, सहा फूट खोल. नळापासून आठ पावले, भिंतीकडे दोन.

अर्जदाराने पहिला अर्ज केला. उत्तर आले की अर्जदार ही मिळकतीची मालक नाही. दुसऱ्या अर्जाचे उत्तर आले की, नकाशातील चूक फक्त परवानाधारक आर्किटेक्टच कळवू शकतात, चूक करणारी व्यक्ती नाही. साहेब म्हणतात, मी कळवली तर माझा परवाना जाईल, आणि मग तुझी नोकरीही. प्रार्थनागृहाच्या अध्यक्षांना भेटले असता त्यांनी बसायला खुर्ची दिली, पाणी दिले आणि म्हणाले, “पोरी, वर ती खोली करतोय ना आपण? ती त्याच्याच नावाची समज.” त्याला नाव नाही, हे अर्जदार तिथे बोलली नाही. आपल्या आवक खिडकीवरच्या बाईंनी अर्जावर शिक्का मारता मारता समजावले, “ताई, गेलेल्यांचं खातं वेगळं, बांधकामाचं वेगळं. तुमचं बाळ दोन्हींच्या मधे आलंय बघा.” त्यांनी हे मायेनेच म्हटले. शिक्काही नीट मारला.

६. तिसऱ्या अर्जानंतर कनिष्ठ अभियंता पाहणीस आले. अर्जदाराचे दुसरे मूल, मुलगी, वय सात महिने, अर्जदाराच्या कडेवर होती. अभियंत्यांनी “खूण काय?” असे विचारले. खूण नव्हती. मग राखणदार आजोबांना पावले मोजण्यास सांगितले. मोजून ते जिथे थांबले ती जागा अर्जदाराने दाखवलेल्या जागेपासून दीड फूट अलीकडे आली. आजोबांनी पुन्हा मोजले, पुन्हा तेच. त्यांचे गुडघे गेल्या वर्षापासून धरले आहेत, पाऊल आखूड पडते. हे अर्जदाराने सांगितले, पण अहवालात आले नाही. अहवालात आले ते असे : “दोन्ही साक्षीदारांच्या सांगण्यात दीड फुटाची तफावत. जागेवर काहीही आढळले नाही. मंजूर नकाशाप्रमाणे रिकामी जागा.” अहवाल लिहीत असता कनिष्ठ अभियंता त्या जागेवरच उभे होते. “जरा कडेने उभे राहा” असे म्हणण्याचे अर्जदाराच्या मनात होते. मुलगी त्यांच्या पेनाकडे हात करीत होती, तिला आवरण्यात राहून गेले.

७. कॉलम सहाचा खड्डा मागील आठवड्यात झाला. माती ट्रकने गेली. त्यात काय निघाले हे अर्जदाराने विचारले नाही, मजुरांनीही आपण होऊन सांगितले नाही. त्यांच्यातील एक बाई मात्र त्या दिवसापासून अर्जदाराशी बोलताना खाली बघते. राखणदार आजोबा त्याच दिवसापासून कामावर आलेले नाहीत. घरी जाऊन विचारले असता म्हणाले, “आता मी मोजत नाही.”

८. यानंतर आपली नोटीस आली. तीत म्हटले आहे की, अर्जदाराने स्वतःच्याच अर्जांत नगरपालिका हद्दीतील रिकाम्या जागेत विनापरवाना दफन केल्याचे कबूल केले आहे, सबब कारवाई का करू नये याचा खुलासा सात दिवसांत करावा. जागा रिकामी असल्याचा पुरावा म्हणून अर्जदारानेच काढलेला नकाशा जोडला आहे. शेवटी अशीही सवलत आहे की, “सदर ठिकाणी कोणतेही दफन झालेले नाही” असे लेखी दिल्यास प्रकरण बंद करण्यात येईल. त्यासाठीचा छापील मजकूर सोबत असून फक्त सही बाकी आहे.

९. घरी सर्वांचे मत सही करावी असे आहे. पतींचे म्हणणे, “आपण लिहिलं नाही म्हणून तो तिथे नसणार आहे का?” सासूबाई म्हणाल्या, “एक सही कर आणि मोकळी हो बाई. मांडीवरच्या पोरीकडे बघ.” सासूबाई कठोर नाहीत. त्यांचेही एक मूल असेच गेले आहे. कुठे आहे ते त्यांना कधी कोणी सांगितले नाही आणि त्यांनी विचारलेही नाही. तो छापील कागद दोन दिवस अर्जदाराच्या टेबलावर होता. सही करण्यास अर्धे मिनिट पुरते. पण अर्जदाराने त्या जागेबद्दल एकदा खोटे लिहिले आहे. तेव्हा त्या मातीत अर्जदाराचे कोणी नव्हते, दहा दुसऱ्यांची होती, म्हणून हात अडला नाही. आता अडतो. एवढाच फरक आहे, आणि तो अर्जदाराच्या बाजूने बोलत नाही.

१०. तरी नोटिशीचा खुलासा पुढीलप्रमाणे सादर आहे. दफन झाले आहे. ते विनापरवाना झाले आहे. अर्जदारास गुन्हा मान्य असून सवलत नको आहे. कृपया कारवाई करावी.

मात्र कारवाईच्या आदेशात जागेचे वर्णन पूर्ण लिहावे. “अमुक ठिकाणी” असे मोघम लिहू नये. मागच्या भिंतीपासून चार फूट दोन इंच, नळापासून एकवीस फूट सात इंच, वय चार दिवस, मुलगा. दवाखान्याच्या दाखल्यात तो कुठे आहे हे लिहिलेले नाही, दफनभूमीच्या वहीत तो नाही आणि नकाशात अर्जदाराने त्याला जागा ठेवली नाही. आपला आदेश हा तो तिथे आहे असे सांगणारा एकमेव सरकारी कागद राहील. अर्जदार तो जपून ठेवेल.

तसेच असा आदेश निघाल्यावर आपल्याच दप्तरी ती जागा रिकामी राहणार नाही. मग आपल्याच नियमाप्रमाणे खोदकाम थांबवून फाईल आरोग्य खात्याकडे पाठवणे भाग पडेल. फाईल तिथे वर्षभर बसते असे म्हणतात. बसू द्यावी. वर्षभर त्याला कोणी उठवणार नाही.

हे शक्य नसल्यास कॉलम सात नळापासून दूर, जिथे ओळ संपते त्या बाजूला, साडेतीन फूट सरकवावा. बीमची खोली अठरा इंचांऐवजी चोवीस इंच धरावी लागेल. आमच्या ऑफिसातील इंजिनिअरांनी हिशेब तपासून “होईल की” असे सांगितले आहे, लिहून देण्यास ते तयार नाहीत. वरच्या खोलीस याने धोका नाही. ती खोली व्हावी, असे अर्जदारास आजही वाटते.

आणि यातील काहीच शक्य नसल्यास, खोदकाम गुरुवारी आहे असे मुकादमांकडून कळते, तर ते मशीनने न करता त्या पाच बाय पाचपुरते हाताने करण्याचा हुकूम व्हावा, आणि अर्जदारास तिथे उभे राहण्याची परवानगी मिळावी. अर्जदार मध्ये बोलणार नाही. टॉवेल पिवळा आहे, कडेला निळी पट्टी. तो ओळखण्यास दुसरे कोणी येणार नाही.

११. हा अर्ज दुपारी मुलगी झोपलेली असताना तीन बैठकांत लिहिला आहे. ती मधेच उठल्याने शाई दोन रंगांची झाली आहे आणि पान तीनवर दुधाचा डाग आहे. अर्ज दोन व्यक्तींनी लिहिला किंवा खाडाखोड केली, असा आक्षेप घेऊन परत करू नये. पुन्हा लिहिण्याइतका वेळ गुरुवारपर्यंत मिळणार नाही.

वरील सर्व मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे. मागे एकदा नकाशाखालीही मी असेच लिहिले होते. तो खरा नव्हता. हा आहे.

आपल्या कारवाईच्या प्रतीक्षेत,

(सही)
आरेखक, पत्रक दोन
दिनांक : सोमवार, नोटिशीचा पाचवा दिवस

सोबत :
१) दवाखान्याचा दाखला, सत्यप्रत. (नाव : —)
२) मापांची मूळ वही. पान सतरा पाहावे. एकेचाळीस फूट सहा इंच खोडून दोन इंच केले आहे. खोडलेले चार इंच खरे धरावेत, ते कडेने गेल्याचे आहेत.
३) आपण पाठवलेला छापील मजकूर, सही न करता परत.
४) जागेचा दुरुस्त नकाशा, अर्जदाराने घरी काढलेला. ओळीत अकरा लहान चौकोन आहेत. दहा राखणदार आजोबांच्या जुन्या पावलांवरून काढले, अकरावा टेपने मोजून. कॉलम सहाच्या खालचा चौकोन तुटक रेषेने दाखवला आहे. चौकोनांत काय लिहायचे ते अर्जदारास ठरवता आले नाही, म्हणून ते कोरे ठेवले आहेत. आपल्या कार्यालयाने योग्य तो शब्द भरावा. फक्त ‘रिकामी’ लिहू नये.