फक्त एक खिडकी

सोम. ६ मे १९६३, जयपूर

पारा १०८. दोनला हॉस्पिटलातून घरी आले तर अप्पा उघड्या खिडकीत. अंगावर नुसता पंचा, वाळ्याचा पडदा दोरीनं वर बांधलेला आणि रस्त्यावरची तापलेली लू सरळ तोंडावर. म्हटलं, "अप्पा, गेल्या जूनचं विसरलात का?" तर म्हणे, "मी बेशुद्ध होतो. मला काय आठवणार?"

मला आठवतं. टेंप. १०६, बर्फाच्या लाद्या, पलंगाखाली साचलेलं पाणी. आणि त्या दिवशी मी अर्धा तास उशिरा आले होते, तेही आठवतं. वडील म्हणून सोडा, पेशंट म्हणूनसुद्धा इतका आडमुठा माणूस मी बघितलेला नाही.

केसरबाईला झापलं. स्वयंपाक करून दिवसभर घरात असतेस, पडदा भिजवायला काय होतं? ती म्हणते, "दादाजी भिगोने नहीं देते." शिवाय आज परत चार काकड्या. कालच्या तीन तशाच पडल्यात. ही बाई रोज काकडी का आणते? विचारलं की पदर तोंडाला लावते.

गुरु. ९ मे

वसंताचं पत्र, सांगलीहून. "अप्पांना उन्हाळ्यात जपावे. तू डॉक्टर आहेस, तुझ्याइतके आम्हाला काय कळणार." जपावे! "मी त्यांना इकडे घेऊन येतो" असं लिहायच्या आत भावाची शाई संपली वाटतं. फाडलं पत्र.

हॉस्पिटलात कळलं, केंद्र सरकारचे एक साहेब बदलून मद्रासला चाललेत. त्यांच्याकडचं खिडकीत बसवायचं थंड हवेचं यंत्र विकायचंय. उद्या जाणार.

शुक्र. १० मे

पाहून आले. पाच मिनिटं त्याच्यापुढे उभी राहिले, निघावंसं वाटेना. गार हवा, आणि कोरडी! हे महत्त्वाचं. गेल्या वर्षी गवताच्या जाळ्यांचा कूलर लावला होता, तर चार दिवसांत अप्पांचा दमा उसळला. उशा दमट, भिंतीला बुरशी. ह्यात पाणी ओतायचं कामच नाही. सिनेमागृहात असतात तसे छतातून पत्र्याचे बोगदे न्यायला नकोत, घर फोडायला नको. खिडकी बंद म्हणून आंधीची धूळ नाही, डास नाहीत. ज्या खोलीत माणूस, तेवढीच गार. यंत्र बसवणारा मिस्त्री म्हणाला, "कुछ नहीं करना, डाक्टरनी जी. बस एक खिडकी चाहिए."

घेतलं. यंदा मला ते बर्फाचं पुन्हा करायचं नाही. मी घाबरलेय, हे इथे लिहायला हरकत नाही.

रवि. १२ मे

संध्याकाळी अप्पांना सांगितलं. भांडण, दिवेलागणीपर्यंत.

"किती टनाचं?" "एक." "एक टन वजन माझ्या उशाशी टांगणार तू?" तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेला माणूस! समजावलं की हा टन वजनाचा नव्हे, गारव्याचा. "गारवा काय काट्यावर मोजतात?"

मग म्हणे भिंतीला भोक पाड. म्हटलं, क्वार्टर सरकारचं आहे, भिंतीला हात लावायची परवानगी नाही. मग तुझ्या खोलीत बसव. माझ्या खोलीला नुसता झरोका. "बरं, मग ही खिडकी माझी आहे." मी ओरडले, "खिडकीसुद्धा सरकारची!" तर शांतपणे म्हणतात, "सरकार बसतं का तिथे?"

एवढं आहे काय त्या खिडकीत? एक कडुनिंब, एक रस्ता, दिवसाकाठी दहा टांगे. चार वर्षांत हिंदीचा शब्द शिकले नाहीत, शिकणार नाही म्हणून. कुणाशी ओळख नाही, देख नाही. जेवले नाहीत. मग मीही नाही.

शुक्र. १७ मे

बसवलं. खिडकीच्या खालच्या अर्ध्यात यंत्र, वर फळ्या ठोकल्या. सुरू केलं की ट्रक उभा असल्यासारखी घरघर. पण वीस मिनिटांत खोली गार! मी पलंगाच्या कडेला बसले आणि खरंच डोळे भरून आले.

अप्पा भिंतीकडे तोंड करून. "थंडी वाजते." शाल दिली. "अंधार आहे." दिवा लावला. मग म्हणाले, "मालते, आता फक्त वरून माती लोटायची राहिली."

इतकं कुणासाठी केलं? माझ्यासाठी? दार आपटून बाहेर आले. मग लक्षात आलं, दार आपटलं ते बरंच झालं, उघडं राहिलं की गारवा जातो. जळलं मेलं ते यंत्र.

मंगळ. २१ मे

केसरबाई फितूर आहे.

डोकं ठणकत होतं म्हणून एक वाजताच घरी आले. बघते तर अप्पा बाहेर व्हरांड्यात खुर्चीवर, डोक्याला ओला पंचा. पायरीशी एक भाजीवाली टोपली टेकून बसलेली. आणि दोघं कचाकचा भांडतायत! अप्पा मराठीतून, ती तिच्या बोलीतून. "हे टिंडे घाल तुझ्या सासूला! चार वर्षं सांगतोय, पडवळ आण, पडवळ!" ती म्हणते, "टिंडा ले ल्यो, डोकरा जी." "डोकरा म्हणते मला, भवानी!" आणि हसले. अप्पा हसले. आई गेल्यापासून मी ह्यांचे दात बघितले नव्हते.

आत यंत्र रिकाम्या खोलीला गार करत होतं.

मी दोघांवर तुटून पडले. अप्पांना दंडाला धरून आत नेलं. मग केसरबाईला उभी केली तेव्हा सगळं बाहेर आलं. हिचं नाव गुलाब. बस्सीच्या पलीकडे गाव. सकाळी चारदीवारीत, जुन्या शहरात, भाजी विकते, उरलंसुरलं घेऊन एकला ह्या खिडकीशी येते. चार वर्षं! एकमेकांचं एक अक्षर कळत नाही. अर्धा तास भांडतात, अप्पा हरतात आणि काकड्या घेतात. रविवारीसुद्धा. रविवारी दुपारी मी मेल्यासारखी झोपलेली असते.

"मला कुणी सांगितलं का नाही?" तर केसरबाई, "आप गुस्सा करतीं." करतेच आहे!

शुक्र. २४ मे

बजावूनही काल बाहेर बसले. आज टेंप. १०२, जीभ कोरडी, दुपारी बरळत होते. मला आईच्या नावानं हाक मारली. मीठपाणी, ओल्या चादरी, यंत्र पूर्ण जोरात. चारपर्यंत ताप उतरला. ही गार खोली नसती तर गेल्या जूनसारखंच झालं असतं. हे रागानं लिहीत नाही, डॉक्टर म्हणून लिहितेय.

शनि. २५ मे

रजा टाकली. बाराला वीज गेली, यंत्र बंद, घरात कसली म्हणून हालचाल नाही. अप्पा डोळे मिटून.

एकला गुलाब आली. फाटकातच गाठली. म्हटलं, इथे पुन्हा पाऊल टाकलंस तर याद राख. तुझ्यापायी दादाजी मरता मरता वाचले. चार काकड्या खपवायला म्हाताऱ्या माणसाला उन्हात बसवतेस, लाज नाही वाटत? हे शेवटचं वाक्य खोटं होतं. बोलताना कळत होतं, तरी बोलले. चांगली चढ्या आवाजात बोलले.

ती खिडकीवरच्या फळ्यांकडे बघत राहिली. "खिडकी को काईं कर दियो?" एवढंच विचारलं. टोपली डोक्यावर चढवली आणि गेली. पायरीवर एक काकडी ठेवून.

पावणेदोनला वीज आली.

बुध. २९ मे

अप्पा आता बाहेर जात नाहीत. जाऊ दे असंही म्हणत नाहीत. टेंप. ९८.४, नाडी ७६, दमा नाही, झोप स्वस्थ. कागदावर इतका ठणठणीत पेशंट माझ्या वॉर्डात एक नाही. जेवण म्हणाल तर दोन घास. काय हवं? "काही नको." काकडी कापू का? कूस बदलली.

टनावरून माझं डोकं खाणारे अप्पा कुठायत? हे कोण आणून निजवलंय इथे?

गुलाबचं नावही काढलं नाही त्यांनी. का येत नाही, एकदासुद्धा विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय सांगणार होते, देव जाणे.

गुरु. ३० मे

मिस्त्रीला बोलावलं. यंत्र असू दे, पण खिडकी उघडता येईल का? नाही म्हणाला, मग फायदा काय. फार तर वरच्या फळ्या काढून काच बसवतो, दादाजींना रस्ता दिसेल. मी म्हटलं, "काच में से झगडा होता है क्या?" त्याला वाटलं असेल, डाक्टरनीला ऊन लागलं.

काच नको म्हटलं.

रवि. २ जून

झोपले नाही. सकाळीच टांगा करून चारदीवारीत गेले. कधी भाजी आणायला गेले नाही इकडे. सगळ्या बायका घुंघट घेतलेल्या, कुठली गुलाब आणि कुठली कोण. शेवटी काकड्यांच्या ढिगाशी बसलेल्या एकीनं सांगितलं, गुलाब बस्सीला गेली, लेकीचं बाळंतपण आहे. कधी येणार? "काईं बेरो." म्हणजे कुणास ठाऊक.

निरोप ठेवला, डाक्टरनीनं बोलावलंय म्हणून. ती बाई म्हणाली, "कुणसी डाक्टरनी? वा लडबाळी?" ती भांडकुदळ का, असं विचारत होती. म्हणजे इथवर पोचलंय माझं नाव. हो म्हटलं, तीच.

लेकीसाठी गेली, माझ्यामुळे नाही. असं सबंध रस्ता स्वतःला सांगत आले. पटलं नाही.

मंगळ. ४ जून

अर्धी रजा. हे व्हरांड्यात बसून पेन्सिलीनं लिहितेय. पारा १०९.

पाऊणला अप्पांना म्हटलं, उठा, बाहेर बसू. त्यांनी डोळे उघडले. "का?" म्हटलं, एक वाजत आला. उठले, स्वतःच्या हातानं सदरा घातला. व्हरांड्यात सदरा! मी दोन खुर्च्या सावलीत ओढल्या. ओला पंचा, मीठपाण्याचा तांब्या, थर्मामीटर.

बसल्या बसल्या सांगून टाकलं. "अप्पा, मी गुलाबला हाकललं."

"ऐकलं मी."

"कधी?"

"तू हाकललंस तेव्हा. वीज नव्हती त्या दिवशी. फळी लाकडाची आहे, मालते, माझे कान नाहीत लाकडाचे."

दहा दिवस! दहा दिवस हा माणूस ते पोटात घेऊन भिंतीकडे तोंड करून पडला होता. म्हटलं, मग बोलला का नाहीत? भांडायचंत!

"तुझ्याशी काय भांडायचं? मी तोंड उघडलं की तू थर्मामीटर घालतेस."

थर्मामीटर माझ्या हातातच होता. लावायची वेळ झाली होती. लावला. ९९.

सांगितलं की ती बस्सीला गेलीय, लेकीकडे. निरोप ठेवलाय. येईल की नाही माहीत नाही. आज तर नाहीच येणार. "मग कशाला बसायचं उन्हात?" मी म्हटलं. ते म्हणाले, "तू बसवलंस." बरोबर आहे. मीच बसवलं.

एक वीस. रस्त्यावर चिटपाखरू नाही. कडुनिंबाखाली एक कुत्रं, जीभ काढून. आत यंत्र चालूय, दार उघडं राहिलंय, सगळा गारवा बाहेर चालला असेल. उठवत नाही.

दीड. पंचा दुसऱ्यांदा भिजवला. ९९.४. चला आत. "पाच मिनिटं." ह्या पाच मिनिटांचं पुढे काय होतं ते मला माहीत आहे, रोज वॉर्डात बघते. तरी दिली.

एक चाळीस. "अप्पा, बास झालं."

"थांब गं." रस्त्याकडे बघतच होते. "मालते, पडवळाला इकडे काय म्हणतात?"

मला येईना. सतरा वर्षं ह्या गावात काढली, औषधांची नावं झोपेत सांगीन. म्हटलं, माहीत नाही.

"मग विचार की कुणाला तरी," म्हणाले.

केसरबाईला हाक मारली.