मंगलाच्या सर्टिफिकेटातला एक शब्द

१४ मे १९८८, एरंडोल
दुपारी नानांच्या घरून बोलावणं. नवी सून मंगला चुलीपुढे पडली. गेलो तेव्हा हातपाय झटकत होती, दोनेक मिनिटं. मग शुद्धीवर आली. शनिवारचा उपास, सकाळपासून पोटात पाणीसुद्धा नाही, आणि ऊन असं की पत्र्याला हात लावता येत नाही. साखरपाणी दिलं. मलाच चहा करायला उठत होती. झोपवून ठेवली. दवाखान्याच्या वहीत नोंद: एक झटका, उपास, उष्मा.

३ ऑगस्ट ८८
नाना दवाखान्यात आले, दार लोटून घेतलं. सून चोपड्याकडे माहेरी पाठवलीय, परत आणायची नाही म्हणतात. मुलाला ती पसंत नव्हतीच, हे लग्नातच दिसत होतं. वकिलाने त्यांना कायदा सांगितलाय. वारंवार फेफरं येणाऱ्या बाईचं लग्न कोर्ट रद्द करू शकतं.
"तू डोळ्यांनी पाह्यलं ना? मग लिहून दे."
म्हटलं, नाना, मी एकदाच पाहिलं.
"बाकीचं आम्ही पाह्यलं. आमच्यावर भरोसा नाही?"
हा दवाखाना नानांच्याच ओट्यावर सुरू झाला. गावात मला कोणी ओळखत नव्हतं तेव्हा.
लिहून दिलं. 'फेफरे, वारंवार.' घरच्यांच्या सांगण्यावरून, असं पुढे लिहायचं होतं, पण नाना समोर बसलेले आणि...

११ जानेवारी ९०, जळगाव
कोर्टात साक्ष. तिच्या वकिलाने विचारलं, तुम्ही स्वतः किती वेळा पाहिलं? "दोन-तीनदा." तोंडातून निघून गेलं. शपथ घेऊन दहा मिनिटंही झाली नव्हती.
मंगला वडिलांशेजारी बसली होती. आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवलेली. ती माझ्याकडे बघत होती, रागाने नाही. मी दुसऱ्यांदा कधी आलो होतो ते आठवत असावी.

६ मार्च ९०
निकाल लागला. लग्न रद्द. नानांकडून पेढे. सौ.ने डबा न उघडता शेजारी देऊन टाकला.

२० जून ९४
मंगला आली. एकटी, एस.टी.ने, पेशंटांच्या रांगेत बसून राहिली. नंबर आल्यावर ओळखली. अंगणवाडीसाठी अर्ज केला होता, तो परत आला. फेफरेवाल्या बाईच्या हाती पोरं कशी द्यायची म्हणतात. कोर्टाच्या निकालाची नक्कल कोणीतरी तिथे पोचवली.
धुळ्याच्या मेंदूच्या डॉक्टरांचा कागद दाखवला. तपासणी केली, काहीही दोष नाही.
"सहा वरीस व्हयनात डॉक्टरसाहेब. एक बी दाव फेफरं उनं नही. तुम्ही लिखं व्हतं, तुम्हीच लिखी द्या, काहीच नही शे म्हणून."
म्हटलं, बघतो.
ती गेल्यावर जुनी वही काढली. १४ मेची नोंद माझ्याच अक्षरात.

२३ जून ९४, जळगाव
ओळखीच्या वकिलाकडे गेलो, वही घेऊन. त्याने वाचली, मिटून माझ्याकडे सरकवली. "अपिलाची मुदत कधीच गेली. आणि तुम्ही शपथेवर बोललाय. आता उलट लिहून दिलंत, तर आधी तुमच्यावरच येईल. डॉक्टरकी जाईल. मुलं शिकताहेत ना?"
परतताना बसमध्ये ठरवलं, तरीही लिहायचं. घरी पोचेपर्यंत ते उरलं नाही.

५ जुलै ९४
मंगलाचं पत्र. "काय ठरलं, कळवावे." उत्तर नाही दिलं.

९ नोव्हेंबर ९६
नानांच्या मुलाच्या दुसऱ्या मुलीचं बारसं. दुसरी सून हसतमुख आहे. नानांनी मला पहिल्या पंगतीला बसवलं, पाहुण्यांना सांगितलं, "आमचे घरचे डॉक्टर." जेवलो.

२१ डिसेंबर ९९
पेपरात आतल्या पानावर चार ओळी. विवाह कायद्यातून 'फेफरे' हा शब्द काढणार, दुरुस्ती मंजूर. आता या कारणावरून कोणाचं लग्न रद्द होणार नाही. चष्मा पुसून दोनदा वाचलं.

२२ डिसेंबर
वकिलाला फोन केला. मोडलेल्या लग्नांचं काय?
"ती मोडलेलीच. कायदा पुढच्यांसाठी."

२४ डिसेंबर
आज तिच्या गावी गेलो. का, ते नीट सांगता येणार नाही. आबा दोन वर्षांपूर्वी गेले. मंगला भावाकडे राहते. ओसरीत कापूस निवडत होती. केस कानापाशी पांढरे. ती पस्तिशीचीही नाही.
पेपर दाखवला.
"म्हणजे आते मन्हं लगीन मोडतं नही?"
म्हटलं, आता मोडलं नसतं.
"आन मोडेल शे ते?"
ते तसंच राहील, म्हटलं. मग सांगून टाकलं, तुला कधी फेफरं नव्हतंच, कोर्टात मी खोटं बोललो. सौ.लासुद्धा हे कधी सांगितलेलं नाही.
हात थांबला नाही तिचा. "माले ठाऊक शे."
भावजय आतून बाहेर आली, सांगू लागली. तिच्या मुलीला दोन स्थळं येऊन परत गेली. घरात फेफरं आहे, असं गावातलंच कोणीतरी सांगतं.
मंगला म्हणाली, "माले कशाले सांगतस? गावले सांगा. रविवारे सांजले पारवर बठ्ठा लोके बसतस. तठे उभं राहीसन सांगा."
हो म्हणालो नाही. नाही म्हणायचंही धाडस झालं नाही. तिने चहा दिला.

२६ डिसेंबर, रविवार
सौ.ने विचारलं, कुठे निघालात? म्हटलं, कुठे नाही. तरी धुतलेला शर्ट घातला.
दवाखाना उघडला. नाना ओट्यावर उन्हाला बसलेत. आता नीट दिसत नाही त्यांना, पण पावलं ओळखतात. "रविवारी पण उघडलं का रे?"
चोपड्याची बाराची एस.टी. गेली. पुढची दीडला. तीही गेली तर सांजेपर्यंत तिच्या गावच्या पारावर पोचता येत नाही.
एकच पेशंट आहे, खोकल्याचा म्हातारा. औषध देऊन झालं. तो अजून बसलाय. मीही.